पाटी वाळली नाही

आखाजीच्या सकाळी उत्तमराव शाळेच्या पंचांना जुन्या विहिरीचं लाकूड कबूल करून आला, आणि प्रयागबाईला हे सगळ्यांत शेवटी कळलं. या घरात कोणतीही गोष्ट आधी गावाला कळे, मग गड्यांना, आणि चुलीपाशी बसलेल्या बायकांपर्यंत ती येई तेव्हा तिला परत फिरवायची सोय राहिलेली नसे.

धाकटी जाऊ सुंदरबाई, उत्तमरावाची बायको, पुरण वाटता वाटता कानाशी लागली. "जाऊबाई, तुमाले माहीत हाये का? यायनं इहिरीचा सागवान शाळेच्या छपराले देऊन टाकला."

प्रयागबाईचा हात थांबला. "कोन्या इहिरीचा?"

खरं तर विचारायची गरज नव्हती. नव्या विहिरीवर रोज मोट चाले. तिच्या पाण्यावरच या घरची वांगी, मिरच्या, कांदे शेलूबाजारात जात. लाकूड नुसतं उभं होतं ते जुन्या विहिरीवर, मळ्याच्या पार टोकाला. तोंडावर आडवं टाकलेलं सागाचं लांबच लांब लाकूड, दोन्हीकडे खांब, आणि वर एक चाक. मोट ओढायचा नाडा काढला, मोट काढली, चाक तेवढं राहिलं. प्रयागबाईची आवडा त्या विहिरीत गेली, त्यानंतर तिथलं पाणी कोणी काढलं नव्हतं. प्रयागबाईचा नवरा जानराव घरातला थोरला. त्यानं त्याच दिवशी सगळ्यांदेखत शब्द दिला होता, की हिच्या तोंडून हो निघाल्याशिवाय इथली काडीसुद्धा हलणार नाही. उत्तमराव त्याचा सख्खा धाकटा भाऊ. त्यालाही तो शब्द चांगला ठाऊक होता.

आवडा गेली ती अशी. बैल धावेच्या उतारावरून खाली जातात तेव्हा भरलेली मोट वर येते. पाणी थारोळ्यात, काठावरच्या दगडी कुंडीत, पडलं की वर उभं असलेलं माणूस ओरडतं, "आली!" तो शब्द ऐकला की बैल तोंड न वळवता, मागल्या पायांनी धाव चढू लागतात आणि रिकामी मोट सरसर विहिरीत उतरते. हे ओरडायचं आवडाला भारी वेड. गावच्या शाळेत जाणारी ती तेव्हा एकटीच मुलगी, आणि तिचा गळाही तसाच खणखणीत. एका दुपारी ती थारोळ्यावर पाटी धूत होती. मोट वर पोचली नव्हती तोच तिनं गंमत म्हणून हाळी दिली. बैल शिकवल्याप्रमाणे मागे फिरले. भरली मोट हेलकावा खाऊन खाली गेली आणि जाताना पोरीला घेऊन गेली. बैल हाकत होता जानराव. पाटी शेवटपर्यंत सापडली नाही.

तेव्हापासून मोटेवर "बस" म्हणायचं असं ठरलं. हळूहळू "आली" हा शब्द घरातूनच उठला. पाहुणी पोचली, गाडी दिसली, असं आडून आडून बोलायची सगळ्यांना सवय लागली. नव्या माणसाला हसू येई. मग कोणी तरी त्याला कोपऱ्यात नेऊन सांगे आणि तोही हसेनासा होई. त्या जोडीतला एक बैल मेला. दुसरा पाखऱ्या म्हातारा होऊन अंगणात बांधलेला असे. काल नणंद गिरजाबाईची गाडी रिसोडहून पोचली, तेव्हा परक्या गाडीवानानं वाड्याबाहेरूनच आरोळी ठोकली, "आली बावा, आली!" झोपाळलेल्या पाखऱ्यानं मान खाली घातली आणि एकेक पाय मागे टाकत तो थेट भिंतीला जाऊन टेकला. इतकी वर्षं लोटली, बैल काही विसरला नव्हता.

आणि ते चाक. भर दुपारी, पानही हलत नसताना, ते कुरकुरत असे. नाडा नाही, मोट नाही, तरी लाकडावर लाकूड घासल्याचा आवाज येई, थोडा वेळ, मग बंद. उत्तमराव म्हणे वारा. गडी म्हणत नसत काही, पण दुपारी त्या बाजूला निंदायलाही जात नसत. प्रयागबाई मात्र रोज जाई. वांगी तोडायचं निमित्त करून टोपलं घेई आणि जुन्या धावेवर बसून राही. तिला भीती कशी ती वाटत नसे. चाक कोण फिरवतं हे तिला माहीत होतं. दिवसातला तेवढाच वेळ तिचा होता, आणि आज दिरानं तो गावाला देऊन टाकला होता.

---

जेवणाला शाळेचे मास्तर हेमसिंग होते. आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या या पितरांच्या सणाला, या घरची एक रीत होती. घरातल्या प्रत्येक गेलेल्या माणसाच्या नावानं बाहेरचं एक माणूस पाटावर बसवायचं. जेवण होईस्तोवर त्याला गेलेल्याच्याच नावानं हाक मारायची, आणि उठण्याआधी विचारायचं, "काय राह्यलं?" त्यावर बसलेल्यानं म्हणायचं, "काही नाही राह्यलं, पोट भरलं." की पितर तृप्त. आजवर कोणी दुसरं उत्तर दिलं नव्हतं. पण दिलं, तर ते मागणं पुरं करावंच लागतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मास्तर दरसाल सासऱ्यांच्या, म्हणजे पुंजाजींच्या पाटावर बसत. अंगानं किडकिडीत, पण पुंजाजींच्या नावाला शोभेल असं जेवत.

पानं वाढायच्या आतच वादाला तोंड फुटलं.

"मास्तर, तुमीच सांगा यायले," उत्तमराव म्हणाला. "माह्यावर कोनाचा इस्वास नाई."

हेमसिंगांनी टोपी मांडीवर ठेवली. "काय सांगू? कापसाचा भाव बसला, वसुली होईना, जिल्ह्याच्या बोर्डाची तिजोरी कोरडी. मागच्या वादळात शाळेचं छप्पर गेलं, तवापासून अर्ज करून राह्यलो. पह्यले म्हनत होते पाहू. आता सरळ सांगतात, पैसा नाई. खडू बंद, नकाशा बंद. माहा पगार होळीपासून अडकला. आता हुकूम असा हाये, का मिरगापर्यंत गावानं छप्पर घातलं तर मास्तर ठेवू. नाई तर शाळा मोडून किन्हीराजा गावच्या शाळेत घालू."

"मंग जातीन पोट्टे किन्हीराजाले," गिरजाबाई म्हणाली. ती भावंडांत सगळ्यांत मोठी. माहेरी आली की घराची सूत्रं तिच्या हातात जायची आणि निघताना सांडशीसारखी ती चुलीपाशी ठेवून जायची.

"पोट्टे जातीन, पोट्ट्या कशा जातीन, बाई?" उत्तमराव म्हणाला. "मंधात नाला हाये. माही लली आता कुठी बाराखडी वाचाले शिकली. छपराचे कवेलू गाव देऊन राह्यलं, वाश्याले लागनाऱ्या बल्ल्या पाटलानं देल्या. पन एवढ्या लांबीचं आढं कोनापाशी हाये? जंगलातलं सागवान तोडाले परवानगी नाई, इकत घ्याले ताकद नाई. आपलं लाकूड तथी नुसतं सडून राह्यलं."

"मानूस खाल्लेल्या इहिरीचं लाकूड छपराले लावत नसते, उत्तम. लेकरं बसतीन त्याच्या खाली. त्या लाकडाले सवय लागली हाये."

ही शेवटची ओळ गिरजाबाई अगदी साध्या आवाजात बोलली. चुलीपाशी सुंदरबाईनं पदर अंगाभोवती ओढला.

 विहिरीची गोष्ट निघाली की जानराव हाताच्या तळव्यांकडे पाहत बसे; आताही तो तसाच बसला होता. ओशाळलेल्या मास्तरांना वाटलं आपण काही तरी चांगलं बोलावं. ते म्हणाले, "आवडा मोठी हुशार होती, जानराव. हजेरी घेताना पोरं हाजर म्हनत. ती कधी नाई म्हनली. मोटेवर देते तशी हाळी द्यायची, आ..." आणि मध्येच त्यांची जीभ अडकली. अर्धा शब्द तसाच हवेत राहिला. अंगणात पाखऱ्यानं कान हलवले.

"पानं वाढा," प्रयागबाई म्हणाली.

पानं वाढली. रस, पुरणपोळी, कुरडया. पाण्यानं भरलेल्या नव्या मातीच्या घागरीवर खरबूज ठेवलं. मास्तर पुंजाजींच्या पाटावर बसले. शेजारी आवडाचा छोटा पाट. तिच्या नावानं दरसाल गावातली एखादी मुलगी बसायची. या वर्षी कोणी पाठवली नाही. एकीला ताप होता, एकीला मामा न्यायला येणार होता, एकीच्या आईनं नुसतीच मान हलवली होती. पाटापुढचं पान भरलेलं, आणि पाट रिकामा.

उत्तमरावानं ललिताला पुढे केलं. "लली, बस तू."

"घरचं लेकरू पितराच्या पाटावर बसवत नसतात!" गिरजाबाई ओरडलीच. "भाहेरचं मानूस जेवते अन् आपल्या घरी जाते. घरचं कुठी जाईन? अक्कल गहान ठेवली काय रे?"

सगळ्यांनी प्रयागबाईकडे पाहिलं. नाही म्हणायचा मान तिचाच होता, आणि नाही म्हणायला हवं हे तिला कळत होतं. पण रिकाम्या पाटासमोर रसाची वाटी भरलेली होती आणि त्यावर एक माशी घिरट्या घालत होती. तिला ते बघवेना.

"बसू द्या," ती म्हणाली.

ललिता सात वर्षांची. पाटावर मांडी घालून बसली आणि जेवली, मन लावून, बोटं चाटत. सगळे तिला आवडा म्हणत होते. "आवडे, पोळी घे." "आवडे, रस वाढू का?" ती मान हलवत होती. दूर मळ्याच्या टोकाला चाक कुरकुरायला लागलं. रोजची वेळ होती. आवाज नेहमीपेक्षा जास्त वेळ चालला. जेवणारांचे घास हळू झाले, पण कोणी त्याचं नाव काढलं नाही.

मास्तरांना विचारून झालं. त्यांनी पोटावर हात फिरवून सांगितलं, "काही नाही राह्यलं." मग प्रयागबाई ललितापुढे बसली.

"आवडे, काय राह्यलं?"

चाक थांबलं. एकदम, कोणी हातानं धरावं तसं.

ललितानं वर पाहिलं. प्रयागबाईकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून मागे, उघड्या दारातून उन्हात.

"पाटी वाळली नाई अजून," ती म्हणाली. "वाळली का जातो शाळेत."

मग तिनं उरलेली कुरडई उचलली आणि कुडुम कुडुम खाऊ लागली.

गिरजाबाई तटकन उठली. "हे तूच शिकवलं, उत्तम! लाज नाई वाटत? मेल्या लेकराच्या तोंडी..."

उत्तमरावाचा चेहरा पांढरा पडला होता. "बाई, घागरीची आन. म्या शिकवलं होतं, खोटं नाई बोलत. लाकूड शाळेले द्या, असं म्हन, हे शिकवलं होतं. एवढंच. पाटीचं म्या नाई सांगतलं. मले कुठी माहीत पाटी वाळाची गोष्ट?"

ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या दुपारी विहिरीकडे निघालेल्या आवडाला प्रयागबाईनं ओट्यावरून सांगितलं होतं, "वली पाटी नेऊ नको, मास्तर मारीन. वाळली का जा शाळेत." आई आणि लेकीचं ते शेवटचं बोलणं. प्रयागबाईनं ते कधी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर तिला स्वतःला ते ऐकावं लागलं असतं.

 आनंद झाला की धसका बसला, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं. लेक इतकी वर्षं पाटी हातात धरून उभी होती, आईचं ऐकून.

आणि आता घर उलटंपालटं झालं. इतका वेळ लाकडासाठी भांडणारा उत्तमराव ललिताला कडेवर घेऊन दारापाशी गेला. "नाई द्याचं लाकूड! मोडू द्या शाळा. माही पोट्टी त्या छपराखाली बसनार नाई. बाई, तूच खरी होती."

"चूप!" गिरजाबाई म्हणाली. "आता मागनं झालं. पितरानं मागतलं अन् घरानं नाई म्हनलं, असं आपल्या बापाच्या वेळेपासून झालं नाई. तिले शाळेत जायाचं हाये. तिची वाट अडवून कोनाचं भलं होईन? लाकूड द्या."

"आता कबूल, मंघाशी नाकबूल! तुहा भरोसा काय, बाई?" उत्तमराव म्हणाला.

"मंघाशी ती बोलली नव्हती."

तेवढ्यात चुलीपाशी बसलेली सुंदरबाई, या घरात आल्यापासून जिचा आवाज पुरुषांनी क्वचित ऐकला असेल, उभी राहिली. तिनं नवऱ्याच्या कडेवरून ललिताला उतरवून घेतलं. "माही लेक शाळेत जाईन," ती म्हणाली. "आवडा तिची मोठी बहीन हाये. बहिनीले भ्यायचं काय?" बोलली, आणि ललिताला घेऊन परत चुलीपाशी जाऊन बसली.

जानरावानं मान वर केली. "शब्द हिचा हाये," तो प्रयागबाईकडे न पाहता म्हणाला. "हिनं सांगावं."

---

ती एकटी विहिरीवर गेली. टोपलं घेतलं नाही. निमित्त करायचं आज काही कारण नव्हतं.

धाव उन्हानं तापली होती. खाली कुठे तरी पाणी होतं, हिरवं, न हलणारं. चाक गप्प. प्रयागबाई नेहमीच्या जागी बसली. मनात एकच गोष्ट घोळत होती. लाकूड गेलं की चाक गेलं, चाक गेलं की दुपार गेली. मग उरलं काय? घरातली माणसं म्हणत होती आवडा जाते शाळेत. आणि नाही गेली तर? लाकडाबरोबर न जाता इथेच पाण्याखाली एकटी राहिली, आणि आईला कळवायला तिच्यापाशी चाकसुद्धा उरलं नाही, तर?

"मी धरून ठेवली का वं तुले?" तिनं विचारलं. "मी रोज येतो म्हनून तू राह्यली का?"

 ऊन भाजत होतं. थारोळ्याच्या दगडावर, जिथं वर्षानुवर्षं पाण्याचा थेंब पडला नव्हता, तिथं चौकोनी ओल होती. पाटी उपडी ठेवावी एवढी. प्रयागबाई पाहत राहिली. ओल कडेकडेनं आत आत वाळत गेली, आणि बघता बघता दगड कोरडा झाला.

ती घरी परतली तेव्हा सगळे जागच्या जागी होते. जेवणाची पानंसुद्धा उचललेली नव्हती.

"लाकूड न्या," ती म्हणाली. "चाक बी न्या. इथं काई ठेवू नका. अन् भाऊजी, ललीले मी नेईन शाळेत, हाताले धरून. तुमाले भेव वाटत असन तर तुमी घरी बसा."

उत्तमराव घरी बसला नाही. आपल्या हातानं त्यानं खांब उपटले. लाकूड खाली येताना विहिरीतून गार हवेचा एक झोत वर आला आणि गड्यांनी अवजारं टाकून दिली. तो मात्र ओठ चावत उभा राहिला. मिरगाच्या आत आढं चढलं, त्यावर बल्ल्या, त्यावर गावभरचे रंगीबेरंगी कवेलू. सुतारानं कवेलू वर ओढायला चाकाचा उपयोग केला आणि काम झाल्यावर ते तसंच वळचणीला टांगून ठेवलं. बोर्डाचा माणूस पाहून गेला. छप्पर बरं आहे म्हणाला, आणि मास्तरांच्या पगाराचं विचारल्यावर घाईनं तांग्यात बसला.

त्या दिवसांत प्रयागबाई दुपारी मळ्यात जाई. काही ऐकू येत नसे. उघडी पडलेली विहीर आणि चिमण्यांचा कलकलाट. शाळेजवळून येणाऱ्यांना ती सहज विचारल्यासारखं विचारी, चाक वाजते का वं? कोणी म्हणे नाही. रिकामी शाळा, रिकामं चाक.  एका दुपारी तिनं जानरावाला म्हटलं, "म्या देऊन टाकली तिले. एकदा इहिरीनं नेली, एकदा म्या देली." तो तिच्याजवळ सरकून बसला, इतकंच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

---

शाळा उघडायच्या दिवशी ती ललिताला घेऊन निघाली, बोलल्याप्रमाणे, हात धरून. दुसऱ्या हातात पाखऱ्याचा कासरा. शाळेपलीकडच्या पडीत गवत आलं होतं, म्हाताऱ्याला तेवढंच चरायला. ललिता आत गेली. तिच्यामागून गावातल्या आणखी दोघी मुली, एकमेकींना ढकलत. प्रयागबाईनं बैल कडुलिंबाखाली उभा केला आणि ती भिंतीला टेकून बसली. वर वळचणीला चाक लटकत होतं. हलत नव्हतं.

हेमसिंगांनी हजेरी सुरू केली. पगार अजून यायचा होता, पण आवाज चांगला लागला होता. एकेक नाव, एकेक "हाजर." शेवटचं नाव, "ललिता उत्तमराव." "हाजर."

मग मास्तर थांबले. बाहेरून दिसत नव्हतं, पण ते वर आढ्याकडे पाहत असावेत. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं.

"आवडा जानराव," त्यांनी पुकारलं.

शाळेत कोणी चूंसुद्धा केलं नाही. चाकही वाजलं नाही. प्रयागबाई श्वास धरून बसली. आत पोरांची चुळबुळ झाली, एक जण हसायला लागला आणि गप्प झाला. काही नाही. तिनं डोळे मिटले.

हातातला कासरा ताणला गेला.

पाखऱ्यानं गवत सोडलं होतं. मान खाली घातली होती. त्यानं एक पाय मागे टाकला, मग दुसरा. तोंड न वळवता, जपून, धाव चढावी तसा तो म्हातारा बैल सपाट जमिनीवर मागे मागे येत राहिला.

प्रयागबाई उठली आणि शाळेच्या दारात जाऊन उभी राहिली. डोळ्यांतलं पाणी पुसायचं तिला सुचलं नाही.

"मांडा तिची हाजरी, मास्तर," ती म्हणाली. "बैलानं आयकलं."